बस बंद पडण्याचा तास

सूचनारावांना सुधारणेचा उमाळा आला की शिबिरातली माणसं धसका घ्यायची. सूचनाराव म्हणजे मुलांच्या उन्हाळी शिबिराचे संचालक. हे नाव त्यांना स्वयंपाकघरात पडलं आणि सगळ्यांच्या तोंडी बसलं, त्यांच्या स्वतःच्या कानावर तेवढं गेलं नव्हतं. यंदा त्यांनी शाळांना सुट्टी लागायच्या आधीच बैठक बोलावली आणि मुलांच्या अभिप्रायांचा गठ्ठा असा कौतुकाने टेबलावर ठेवला, जणू पोटचं पोर.

“मुलांचं ऐकायला शिका जरा,” ते म्हणाले. “तारांगणाचं कुणी नाव काढलेलं नाही. घोड्यावर बसवलं, त्याचंही नाही. सगळ्यांत जास्त काय आवडलं? वाटेत बस बंद पडली ते.”

चित्रकलेच्या बाई खाली मान घालून हसल्या. त्यांना हे आधीच ठाऊक होतं, कारण त्यांची लेकही त्या बसमध्ये होती.

लेक घुमी. आठ वर्षांची झाली तरी चारचौघांत तोंड उघडायची नाही, आणि अमुक हवं, तमुक आवडतं हे तर आईलाही अंदाजानेच ओळखावं लागायचं. गेल्या वर्षी तारांगणाला जाताना बस रस्त्यातच अडून बसली. ड्रायव्हरकाका इंजिनात डोकं घालून राहिले आणि मुलं रस्त्याखालच्या कोरड्या मोरीत शिरली. लेकीने त्या काळोख्या पाइपात तोंड घालून हाक मारली. आवाज दुप्पट होऊन पलीकडे निघाला आणि तिकडून एका दातपडकीने ओ दिली. मग दोघींनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. घरी आल्यावर लेक त्या बसलेल्या घशाने इतकी बोलली, की शेवटी बापाने तिला घास गिळायची आठवण करून दिली.

अभिप्राय लिहायची वेळ आली तेव्हा ती पेन्सिल चावत बसली होती. बाईंनीच तिला भरीला घातलं. “मनातलं लिही गं. सांगितल्याशिवाय मोठ्यांना कळणार कसं?” लेकीने खूप विचार करून लिहिलं, बस बंद पडली ती आणि मोरी. नंतर वर्षभर तिचं एकच टुमणं होतं, दातपडकी यंदा येईल ना?

“तेव्हा,” सूचनाराव म्हणाले, “यंदाही बस बंद पडणार. बुधवारी, नाश्ता झाला की.”

बाकीच्यांनी आपापल्या वहीत बुधवार टिपून घेतला. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

“रस्त्यावर नाही हं, पालक माझा जीव घेतील. आपल्याच मैदानात, फाटकापाशी.”

“अहो, पण ते कुणी ठरवलं नव्हतं म्हणूनच तर मुलांना आवडलं,” बाईंना राहवलं नाही.

“अगदी माझ्या मनातलं बोललात. उत्स्फूर्तता. त्यासाठीच प्रशिक्षक बोलावलाय.”

अशा माणसापुढे डोकं फोडून उपयोग नसतो. फुटतं ते आपलंच. सिमेंटचा कोरा पाइप आला, त्याच्या कडांना फोम लागला, आत सतरंजी पडली, आणि तो रंगवायचं काम अर्थातच बाईंच्या गळ्यात आलं. हिरवी अळी हवी, हसरी हवी. बाई मनातल्या मनात सूचनारावांचा उद्धार करत राहिल्या आणि हाताने अळीला हसू काढत राहिल्या.

बुधवारी बसने मैदानाला एक फेरी मारली आणि फाटकापाशी थांबली. “अरेरे, बंद पडली वाटतं,” ड्रायव्हरकाका पाठ केलेलं म्हणाले आणि लाजून दुसरीकडे बघू लागले. प्रशिक्षकाने शिट्टी फुंकली. मुलं रांगेत उतरली. दातपडकी आली होती, दातही आले होते, पण नव्या ओळखी व्हाव्यात म्हणून तिला दुसऱ्या गटात घातलं होतं. पाइपात वाट्टेल ते ओरडायचं नाही, प्रत्येकाने एकच वाक्य मोठ्याने म्हणायचं. लेकीची पाळी आली. ती वाकली, “माझा माझ्यावर विश्वास आहे,” असं अळीच्या पोटात म्हणाली आणि उठली. पलीकडून ओ आली नाही. पलीकडे फोटोवाला होता.

“बघितलंत?” सूचनारावांचे डोळे भरून आले होते. “गेल्या वर्षी हीच मुलगी तोंड उघडत नव्हती.”

बाईंना असा संताप आला की हातातला ब्रश त्यांच्या डोक्यावर पुसावा. पण त्यांनी तो पाण्यात बुडवला.

शेवटच्या दिवशी पुन्हा अभिप्राय झाले. लेकीने बघता बघता कागद भरून दिला, सगळ्याला पाच तारे, बसलासुद्धा. संध्याकाळी दोघी घरी निघाल्या तेव्हा तिचे गुडघे काळेकुट्ट होते, केसांत कोळ्याचं जाळं होतं आणि घसा पार बसलेला होता. शिबिरात एवढी घाण सुधारणेतून कुठे वाचली होती, देव जाणे.

“बस आवडली तुला?” बाईंनी विचारलं.

“छे.”

“मग लिहिलं नाहीस ते?”

“नाही आवडलं म्हटलं तर ते चांगलं करतात,” लेक म्हणाली. “आवडलं म्हटलं तरी करतात.”

बाईंना हसू फुटलं. पोरगी आपल्यावर गेली, या विचाराने त्या सुखावल्याही. “बरोबर ओळखलंस त्यांना. बरं, गुडघे कुठे मळवलेस एवढे?”

“कुठे नाही.”

“दातपडकी होती ना बरोबर? मला तरी सांग. मी कुणाला नाही सांगणार.”

लेकीने आईकडे नीट पाहिलं. रागाने नाही, सांगावं की नाही याचा खरोखर विचार करत.

“नको,” ती म्हणाली. “तू पण त्यांच्यातलीच आहेस ना, आई.”