एका प्रोटीनच्या डब्याची जबानी

मी प्रोटीन पावडरचा डबा बोलतोय. काळा, दोन किलोचा, लाल झाकणाचा. छाती फुगवलेला एक माणूस माझ्या पोटावर छापलाय. त्यानं माझ्यातला एक चमचासुद्धा कधी तोंडात घातलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याविषयी बरंच वाईट बोलून झालंय. आता माझंही ऐका.

माझं कुळ काही मोठं नाही. दूध नासवून चीज काढलं की जे पिवळट पाणी उरतं, ते पूर्वी गटारात सोडून द्यायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खरा कस यातच आहे. त्याची भुकटी झाली, चॉकलेटची चव लागली, आणि मी दुकानाच्या काचेच्या कपाटात जाऊन बसलो. कारखान्यानं माझ्या पाठीवर खरं तेच छापलं होतं: दिवसाला एक माप, भरपूर पाणी, पुरेशी विश्रांती. पण ते बारीक अक्षरांत. पाठ कोण बघतो?

मला घरी आणलं एका बापानं. अग्निशमन दलात त्यानं सव्वीस वर्षं बंब चालवला. आग लागली की हा गाडी नेऊन उभी करायचा, आणि शिडीवर चढायचे दुसरे. फोटोही त्यांचेच यायचे. ते त्याला आतून खात होतं. आता त्याच्या मुलीनं दलाच्या भरतीचा अर्ज भरला होता, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन ठरलेल्या वेळेत चार मजले चढायचे, अशी परीक्षा. मुलगी अंगानं काटकुळी. मनातून मात्र तिलाही ती नोकरी हवी होती, बापापेक्षा कणभर जास्तच.

"बघ काय आणलंय तुझ्यासाठी!" म्हणत त्यानं मला ओट्यावर ठेवलं. माझं माप पावडरीत तळाशी बुडालं होतं. ते शोधायला वेळ कुणाला? त्यानं वाढायचा डाव घेतला. सकाळी एक डाव, संध्याकाळी एक डाव.

व्यायामशाळेतला मास्तर शहाणा होता. तो घरी येऊन सांगून गेला, "काका, पायांचा व्यायाम फार जड झालाय. दोन दिवस हिला सुट्टी द्या. व्यायामात स्नायू तुटतात. भरून येतात ते झोपेत."

"सुट्टी?" बाप हसला. "मग हा डबा काय शोभेला आणलाय?"

इथेच सगळं चुकलं. त्या घरात मी झोपेच्या जागी बसलो. औषध घेतलं की पथ्य माफ, असला न्याय! दुसऱ्याच दिवशी बापानं मुलीला इमारतीच्या जिन्यावर नेलं आणि स्वतः खाली घड्याळ धरून उभा राहिला. पोतं खांद्यावर घेऊन तिनं वीस खेपा केल्या.

सकाळी तिला पलंगावरून उठवेना. "बाबा, मांड्या दगड झाल्यात. आज नको."

"दुखतंय म्हणजे लागू पडतंय. ऊठ."

ती उठली. भिंत धरून मोरीत गेली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली. "बाबा, लघवी काळपट होतेय. कोऱ्या चहासारखी."

बाप क्षणभर घाबरला. मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "अगं, चॉकलेटचा रंग आहे तो! दोन दोन डाव पितेस ना?"

जन्मात एकदाच मला वाटलं, आपल्याला वाचा फुटावी. मूर्खा, तो माझा रंग नाही! तुझ्या लेकीचे स्नायू विरघळून चाललेत! पण डब्याला कुठलं तोंड? मुलीनं विश्वास ठेवला. बापावर नाही तर कुणावर ठेवायचा? तिनं पेला रिकामा केला, पोतं उचललं आणि तिसऱ्या मजल्यावर कोसळली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय घेत होती?" चोराला बकोटीला धरून आणावं तसं बापानं मला आणलं आणि टेबलावर आपटलं. "हाच तो. यानंच माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

बाईंनी मला फिरवून पाठीवरचं सगळं वाचलं. "एवढी पावडर नको होती. पण हे पावडरीनं झालेलं नाही. स्नायू फुटून त्यांचा गाळ मूत्रपिंडांत अडकलाय. रंग बदलला तेव्हाच आणायचं होतं तिला."

"मला वाटलं, चॉकलेटचा..."

"चॉकलेटचा रंग लघवीत उतरत नाही हो, काका."

परीक्षेचा दिवस सलाइनच्या बाटलीखाली गेला. मूत्रपिंडं सावरली. संधी गेली ती गेलीच.

घरी परतल्यावर बापानं येणाऱ्याजाणाऱ्याला माझी कहाणी सांगायचा सपाटा लावला. "डब्यानं घात केला. हल्ली कशात काय मिसळतात, देव जाणे." दर खेपेला मी थोडा जास्त विषारी व्हायचो. मुलगी गप्प बसून ऐकायची. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आज तिची आत्या आली होती. बापानं पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं. मुलीनं हातातला कप खाली ठेवला.

"बाबा, ऊठ असं डबा नव्हता म्हणाला."

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. बाप उठला, मला उचलून जिना उतरला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकून मोकळा झाला. अजून अर्धा भरलेला आहे मी. झाकण निघालंय, मुंग्यांना वास लागलाय. थोड्या वेळात गाडी येईल. माणसांनो, मला शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या, पण घरात कुणी दुखतंय म्हणालं तर माझ्याकडे धावू नका. त्या माणसाला झोपू द्या.

बाप अजून वर गेलेला नाही. खालच्या पायरीवर बसून आहे. बहिणीनं वरून दोनदा हाक मारली, "दादा, चहा गार होतोय!" मुलीनं हाक मारली नाही.