दोन बोटं पत्रा

डेंटिंगवाल्या काकांनी बाबांच्या पिकअपभोवती एक चक्कर मारली आणि हसले. "थोरल्या भावाचे बूट घालून निघाल्यासारखी दिसतेय."

बूट म्हणजे नवे टायर. डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी बाबांनी हौसेने घेतलेले, जाडजूड, खोल खाचांचे. गाडी वळवली की ते मडगार्डला घासत. पत्रा कुठवर कापायचा याच्या खुणा बाबांनी पांढऱ्या मार्करने करून ठेवल्या होत्या. त्यानंतर आठवड्याभरात ते गेले. निदान एवढं तरी पुरं व्हावं म्हणून मी गाडी इथे आणली होती.

"त्यांच्या रेघेवरच कापा," मी म्हणाले.

काका चाकाशी उकिडवे बसले. रेघेवरून अंगठा फिरवला, पट्टी लावून पाहिली.

"दोन बोटं कमी पडतेय गं. इथे कापलं तरी घासणारच. खुणा करताना स्टिअरिंगवर कोण होतं?"

"मी."

मी असं का म्हणाले, कोण जाणे.

"दहा मिनिटांचं काम आहे," बाबा फोनवर म्हणाले होते. "तू नुसतं स्टिअरिंग पूर्ण वळवून धरायचं. हवं तर पुस्तक आण." तीन वेळा मी 'पुढच्या रविवारी' म्हटलं. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलंच नाही.

"शेवटपर्यंत वळवून धरलं होतंस?"

"हो."

"मग तुझा बापच चुकला म्हणायचा." काकांनी मान हलवली. "तीस वर्षांत मापात असा ढिसाळपणा पाहिला नाही त्याचा. वय झालं होतं, दुसरं काय." त्यांनी रेघ पुसायला ओलं फडकं उचललं.

"थांबा काका. मी नव्हते. बाबा एकटेच होते."

फडकं तसंच हातात राहिलं.

"एकटाच? अगं, मग चूक कसली! आत बसून वळवायचं, उतरून थोडी खूण करायची, पुन्हा चढून वळवायचं. हात सुटला की चाक थोडं मागे येतंच. त्याला दिसलं तिथे त्याने बरोबर आखलंय."

मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. रेघ सलग नव्हतीच. अकरा तुकडे होते. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांनी अकरा वेळा चढणं, अकरा वेळा उतरणं. आणि ही एकच बाजू.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस आत. पूर्ण वळव. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

सीट बाबांच्या उंचीला लावलेली होती. ती मी हलवली नाही, पुढे सरकून बसले. स्टिअरिंग जड होतं. दंड भरून आले, तळवे घामेजले. खाली पत्र्यावर मार्कर करकरत होता. एक बाजू झाली, मग दुसरी.

"झालं. सोड आता."

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.