चार शिंगांचा कुत्रा

मॅन बेटावरच्या पोर्ट लॅरी गावात इलियम केरमीन रोज सकाळी आपला मेंढा घेऊन किनाऱ्यावर फिरायला जायचा. मेंढ्याचं नाव ऑरी, शिंगं तिथल्या जातीला असतात तशी चार. इलियमच्या बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती गेली, तेव्हापासून घरात हे दोघंच.

मे महिन्यात किनाऱ्याचा रखवालदार कॉर्किश आडवा आला.

"काका, उन्हाळ्यात इथं कुत्र्यांना बंदी आहे."

"हा मेंढा आहे."

"दिसतंय मला. पण गावसमितीचा नवा नियम आहे. दोरीनं बांधून किनाऱ्यावर आणलेला कोणताही प्राणी कुत्रा 'डीम' केला जाईल, म्हणजे कुत्राच मानला जाईल."

"समितीनं याला कधी पाहिलंय तरी का?"

"पाहायचं कशाला? डीम केलं की झालं!"

इलियम तणतणत मोठ्या बहिणीकडे गेला. आलिशनं जन्मभर जुनी इंग्रजी शिकवली होती. बटाटे सोलता सोलता तिची सुरी थांबली.

"डीम? अरे, हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता न्याय करणं. उगाच का आपण न्यायाधीशाला डीमस्टर म्हणतो? 'डूम' त्याचाच सख्खा भाऊ. तोही साधा निवाडाच होता, पुढे लोकांनी त्याचा अर्थच 'सर्वनाश' करून टाकला. आणि डीम बिचारा घसरत घसरत नुसतं 'वाटणं' झाला. मग वकिलांच्या तावडीत सापडला. आता नाही ते आहे असं धरून चालायचं, म्हणजे डीम."

"मग मी काय करू?"

"तूही धरून चाल! शनिवारी कुत्र्यांचं प्रदर्शन आहे ना?"

शनिवारी इलियम आणि आलिश ऑरीला घेऊन पोचले, तर फाटकावर नेमका कॉर्किशच उभा.

"काका, मेंढ्यांना आत सोडत नाही."

"म्हणजे हा मेंढा आहे म्हणतोस? बरं झालं, उद्या किनाऱ्यावर येतो."

कॉर्किशनं फाटक उघडलं. "कुत्रा आहे. जा आत."

परीक्षक होत्या निवृत्त डीमस्टर स्किलिकॉर्न बाई. त्यांनी ऑरीचे दात पाहिले, चारही शिंगं चाचपली.

"भुंकतो का?"

"मनात आलं तर, बाई."

त्यांनी कॉर्किशला बोलावून त्याचंही म्हणणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हेरिंग माशाचा काटा जसा बरोबर मधोमध असतो, तसा मधोमध न्याय करीन, अशी शपथ घेतलीय मी. कुत्र्यांच्या प्रदर्शनासाठी ती मोडणार नाही. मी पाहिलं, मी ऐकलं. हा मेंढा आहे."

एवढ्यात रांगेतल्या मेंढपाळी कुत्र्यांनाही तेच कळलं. सगळे पट्टे सोडवून धावले आणि त्यांनी ऑरीला घेरून थेट चहाच्या तंबूत नेलं. मागोमाग समितीचे अध्यक्ष त्याला हुसकायला गेले. कुत्र्यांनी त्यांनाही कळपात धरलं आणि टेबलाखाली कोंडून ठेवलं. बाहेर येऊ पाहिलं की एक कुत्री डोळे रोखून पुढे सरकायची.

"कॉर्किश! मी माणूस आहे हे सांग यांना!" अध्यक्ष ओरडले.

"त्यांनी डीम केलंय, साहेब!"

इलियम हसत सुटला. पोट धरून गवतात बसला तरी हसू थांबेना. बायको गेल्यापासून तो असा हसला नव्हता. मध्येच तो रडायला लागला, आणि आलिश त्याच्या शेजारी गवतात बसून राहिली.

सोमवारी समितीनं तो नियम एकमतानं रद्द केला.