नसेवर नस

मी नस बोलतेय. प्रणालीच्या डाव्या कानातली, बहिऱ्या कानातली. बहिऱ्या कानात राहून काय ऐकलं म्हणता? अहो, सगळं! लोक मनातलं त्याच बाजूने तर बोलतात.

खरं तर मी आईच्या पोटातच मरायला हवं होतं. माझ्यासारख्या रक्ताच्या नसा तिसऱ्या महिन्यात आपसूक विरून जातात. मी नाही विरले. चेहरा हलवणारी एक नस कानाच्या आतून, हाडाच्या बारीक नळीतून जाते. मी तिच्याच घरात घुसले. वाटेतलं ऐकण्याचं इवलंसं हाड माझ्यापायी अडकलं आणि पोर एका कानाने बहिरी झाली. वरून माझी धकधक तिला सदान्कदा ऐकू येई.

"आई, कानात काय वाजून राह्यलं वं?"

"गरम पडलं असन," मेथीच्या जुड्या बांधता बांधता सुभद्रा, तिची आई, म्हणे.

बार्शीटाकळीतलं भाजीवाल्यांचं घर. पोरगी मात्र शिकलेली. हसली की डाव्या गालावर खळी पडायची. ती खळी माझी शेजारीण पाडायची, बरं का! मला कोणी धक्का लावला तर तीही मरणार आणि पोरीचं हसू जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिवस्याचं स्थळ आलं. मनकर्णाआत्या मुद्दाम प्रणालीच्या डाव्या बाजूला बसून म्हणाली, "कान दुरुस्त करा, मंग पोरगी दाखवा. किडकं वांगं कोन घेते?" मेली! मला तिची जीभ डागावीशी वाटली.

अकोल्याला स्कॅन झाला. रिपोर्ट आणायला सुभद्रा एकटी गेली. परत येऊन एवढंच बोलली, "काही नाही. नसेवर नस चडली म्हनते."

मग अमरावती, राजापेठेतला दुसरा डॉक्टर.

"स्कॅन कुठाय?"

"घरीच राह्यला जी. अकोल्याच्या डॉक्टरीनबाई नसेवर नस चडली म्हनत होत्या."

डॉक्टर खो खो हसला. "मावशी, नसेवर नस पायात चढते, कानात नाही! राहू द्या, माझं रोजचंच काम आहे."

गावोगाव लोक खोटंच म्हणतात ते, एकदाच खरं होतं. नेमकं तेव्हाच हसू आलं त्याला.

कानाचा पडदा उचलून तो आत आला. "अरे, हे काय?" म्हणेस्तोवर मला टोचलं होतं. रक्त थांबेना. घाबरून त्याने मला डागलं. ती आच नळीत शेजारणीलाही लागली.

आता प्रणालीचं तोंड डावीकडे लोंबतं. चहा ओठातून गळतो, डोळा मिटत नाही. कान तसाच बहिरा. तिवस्याहून निरोपही आला नाही.

काल दुपारी सुभद्रा तिची वेणी घालत होती. डाव्या कानाशी वाकून पुटपुटली, "अकोल्याच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं माय, हात लावू नका, तोंड वाकडं होईन. कानाले मशीन लावा म्हने. मशीन पाहून तुले कोन पसंत केलं असतं? मीच फिल्म गादीखाली दडवली."

"काय म्हनलं वं आई?"

"काही नाही. केस गुतले म्हनलं."

माझा डागलेला तुकडा तेवढा उरलाय, त्याने ऐकलं. सुभद्रा, बाई, माझं काय, मी जन्माचीच आगंतुक. पण हेच एकदा तिच्या उजव्या कानात सांग.