वैभवच्या ओठावरचा डाग

औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टरला रोगी नसतात, ही प्रभाकरराव भोयरांची जुनी खंत. वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात ते बावीस वर्षं औषधं शिकवत होते. पण त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर कधी कोणी कण्हत बसलं नाही. ही भूक ते घरी भागवत. कंपन्यांची माणसं फुकट वाटतात त्या नमुन्याच्या गोळ्या ते बुटाच्या खोक्यात साठवत आणि गल्लीत ज्याचं जे दुखेल त्याला सढळ हातानं देत. दूधवाला, इस्त्रीवाला, भाजीवाल्या कुंताबाई, कोणीच रिकाम्या हाती गेलं नाही. गल्ली म्हणायची, देवमाणूस. त्यांच्या पत्नी सुमित्राबाई म्हणायच्या, "अहो, तुमचं खोकं रिकामं व्हावं म्हणून लोकांनी किती आजारी पडायचं?"

कॉलेजात मात्र ते कडक. दोन हजार पाच साली वरून फर्मान आलं की औषधाचा दुष्परिणाम दिसला तर फॉर्म भरून कळवा. प्रभाकररावांनी वॉर्डावॉर्डात लाकडी पेट्या ठोकल्या. वर्षभरानं कुलपं उघडली तेव्हा तीन कागद निघाले. एक पंख्याची तक्रार, एक मेसच्या वरणाची, आणि तिसऱ्यावर बाण मारलेला बदाम.

"डॉक्टर कळवत का नाहीत?" ते वर्गाला विचारत आणि उत्तराची वाट न पाहता सांगत, "अहंकार! आपली गोळी बाधली हे कबूल करायला छाती लागते." हे म्हणताना स्वतःची छाती जराशी पुढे येते, हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

एका मंगळवारी कुंताबाई वांग्याच्या टोपलीसकट त्यांच्या ओसरीत येऊन बसल्या.

"डाक्टरसायेब, एक कागद लिहून द्या. माहा वैभव बिडी ओढत नाई म्हून."

"असा कागद नसतो, कुंताबाई."

"कारंजावाले येऊन राह्यले रविवारी. पोट्टी चांगली हाये. पन कोनं तरी त्याईच्या कानात भरलं का पोट्ट्याचा ओठ काळा हाये, गांजा ओढत असन. आर्वीचं स्थळ याच्यानंच मोडलं."

वैभवच्या खालच्या ओठावर कवडीएवढा काळा डाग होता, हे खरं. दोन वर्षांपूर्वी प्रभाकररावांनीच तो पाहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निदान केलं होतं, "बिडी सोड, पोरा." तेव्हापासून वैभव शपथा घेत होता आणि गल्ली हसत होती.

"पुराव्याशिवाय मी सही करत नाही," प्रभाकरराव म्हणाले.

"बाप्पा! बिडी म्हून तर तुमीच म्हनलं होतं. तवा कोनता पुरावा पाह्यला?"

प्रभाकररावांनी वांगी किती ताजी आहेत याचं कौतुक केलं.

गुरुवारी प्रॅक्टिकल होतं. फॉर्म कसा भरायचा हे शिकवायला रोगी हवा होता आणि वॉर्डातून तो नेहमीप्रमाणे आला नाही. मेसला वांगी-कोथिंबीर टाकायला वैभव आला होता. प्रभाकररावांनी त्यालाच वर्गात आणून खुर्चीवर बसवलं. "खोटा रोगी हो. पोरं विचारतील ते सांग, बस."

गुंजन नावाची नागपूरची मुलगी फॉर्म घेऊन पुढे आली. रोग्याला त्याच्या बोलीत विचारावं, हे सरांनीच शिकवलेलं.

"ओठाले काय झालं, भाऊ?"

"डाग हाये. मधात मधात आग होते, फुगते, मंग आनखी काळा होते."

"कधी होते?"

"पोट बिघडलं का."

"मंग काय घेता?"

"गोळी."

"आग गोळीच्या आधी होते का मागून?"

वैभव विचारात पडला. दोन वर्षांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. "मागून. सकाळी घेतली का संध्याकाळी आग. दर खेपी त्याच जागी."

पोरं वह्या चाळू लागली. 'तेच औषध, तीच जागा' ही औषधानं पडणाऱ्या डागाची खूण सरांनी सोमवारीच फळ्यावर लिहिली होती, खाली दोन रेघा मारून.

"गोळी कोणती?"

वैभवनं पाकिटातून गोळ्यांची चुरगळलेली पन्नी काढली. सल्फा या जंतुनाशक औषधाची होती. मागे छापलं होतं, नमुना, विक्रीसाठी नाही.

"कोणं दिली?" गुंजननं पेन टेकवलं.

वैभवनं प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकररावांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काही नव्हतं.

"सांगू का, सर?" वैभव अदबीनं म्हणाला.

"लिहा," प्रभाकरराव म्हणाले, "एक स्थानिक हितचिंतक."

"सर, नाव लागतं. रकाना मोकळा राहिला तर फॉर्म रद्दीत, असं तुम्हीच म्हणाले होते."

मागच्या बाकावरून कोणीतरी हलकेच म्हणालं, "छाती, सर."

नाव लिहिलं गेलं. 'केलेला उपाय' हा शेवटचा रकाना तेवढा राहिला आणि तास संपला. "मी पूर्ण करून पाठवतो," असं म्हणत प्रभाकररावांनी फॉर्म खिशात घातला, आणि तो खिशातच राहिला. शुक्रवारी त्यांना वाटलं, डाग बिडीचाही असू शकतो. शनिवारी सकाळी वाटलं, एका रोग्यावरून काय सिद्ध होतं? दुपारी वाटलं, आधी वरिष्ठांशी बोलावं. 'डॉक्टरांच्या सबबी' या त्यांच्या व्याख्यानात सबबी याच क्रमानं येत.

संध्याकाळी सुमित्राबाईंनी शर्ट धुवायला घेतला, खिसा तपासला आणि फॉर्म उभ्यानं वाचून काढला.

"उद्या कारंजावाले येणार आहेत ना? चला."

"मी कशाला?"

"नाव तुमचं आहे इथे."

रविवारी कुंताबाईंच्या घरी मुलीचे वडील मनोहरराव पोहे खात होते आणि वैभवच्या तोंडाकडे न पाहता ओठाकडे पाहत होते. प्रभाकरराव उभे राहिले. आजाराच्या लॅटिन नावापासून सुरू होणारं पाच मिनिटांचं भाषण त्यांनी तयार केलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "त्याचा ओठ मी काळा केला."

कुंताबाईंच्या हातातली चहाची किटली हवेतच थांबली. प्रभाकररावांनी फॉर्म पुढे केला. मनोहररावांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"मंजे पोट्टा बिडी ओढत नाई?"

"नाही."

"मंग बिडीबाज म्हून बोंबलत कोन होतं?"

"तेही मीच."

"आनखी काई दिलं का तुमी याले?"

प्रभाकरराव आठवू लागले. "एकदा कानात थेंब."

"आयकू येते मले," वैभव घाईघाईनं म्हणाला.

मनोहररावांनी चष्मा उतरवून त्याची घडी घातली. "पोट्टा पसंत हाये. पन एक अट. माही पोरगी या घरात आली, का तिले ताप येवो नाईतर खोकला, या सायेबाची गोळी नाई."

"कबूल," कुंताबाई म्हणाल्या. प्रभाकररावांना कोणी विचारलं नाही.

"कबूल," सुमित्राबाईही म्हणाल्या. त्यांना तर मुळीच कोणी विचारलं नव्हतं.

प्रभाकररावांनी फॉर्म परत मागून घेतला, पोह्यांची ताटली बाजूला सरकवली आणि राहिलेल्या रकान्यात लिहिलं: 'सल्फा कायमची बंद. डॉक्टरही.' आणि खाली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच एका रोग्याच्या कागदावर, त्यांनी सही केली.