नाचघरातली संध्याकाळ

इंग्लंडात चार वर्षं काढून शिनगो तोक्योला परतला आणि दारातच बायकोला म्हणाला, "नुई, आधी ते दात साफ कर."

लग्न झालेल्या घरंदाज बाईने दात काळे करायचे, ही रीत. नुईने नऊ वर्षं ती पाळली होती. आता तिने राख घेऊन दात घासले. हिरड्या सोलवटल्या, पण दात पांढरे झाले. सासूने, रिसेबाईंनी, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगं बाई, सून कुठली, ही तर लग्नाची पोर दिसतेय!"

दोघी खूप हसल्या. तोवर हसू येत होतं.

शिनगो रेल्वेखात्यात बऱ्या हुद्द्यावर लागला. घराची पुढची खोली त्याने विलायती करून घेतली, खुर्च्या-गालिच्यांची. मागच्या खोलीत पूर्वीसारख्याच चटया होत्या आणि तिथे सासू-सून बसत, शिवत, जेवत. परदेशी पाहुण्यांसाठी सरकारने विटांचं मोठं नाचघर बांधलं होतं. सरकारी अधिकाऱ्यांनी आपापल्या बायकांना घेऊन तिथे यायचं, असा वरून इशारा होता. म्हणून एक जर्मन बाई नुईला नाच शिकवायला येऊ लागली. परक्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून नुई गोल गोल फिरे आणि रिसेबाई दाराच्या फटीतून बघून कपाळाला हात लावत.

त्याच उन्हाळ्यात नुईला दिवस गेले. नऊ वर्षांनी! रिसेबाई पायी जलदेवतेच्या देवळात गेल्या आणि पोटाला बांधायचा पांढरा पट्टा घेऊन आल्या.

"पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी बांधायचा. कुत्रीचं बाळंतपण कसं सुखाचं होतं, तसं तुझं होईल. सैल बांधायचा हं, नुसता आधारापुरता."

कुत्र्याचा दिवस नेमका सम्राटांच्या वाढदिवशी आला. त्याच संध्याकाळी नाचघरात मोठा समारंभ होता.

"सकाळी पट्टा बांधू आणि हिला निजू दे," रिसेबाई म्हणाल्या. "तू एकटा जा."

"एकटा गेलो तर काय तोंड दाखवू, आई? मंत्री येणार आहेत. वकिलातींतले लोक येणार आहेत."

"पोटुशी बाई नाचत नसते रे."

"तिकडे नाचतात. मी बघितलंय." शिनगोचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आई, ते आपल्याला माकडं समजतात. तिथे माझ्या तोंडावर हसायचे. आपण माणसं आहोत हे त्यांना दिसल्याशिवाय ते आपल्यावर लादलेले तह बदलणार नाहीत. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

दोघांनी नुईकडे पाहिलं. नवऱ्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि त्या भीतीपुढे तिला नाही म्हणवेना.

"जाईन मी," ती म्हणाली.

पट्टा घडी करून ठेवला गेला. पॅरिसहून आणलेला झगा कमरेत बसेना. जर्मन बाईने कंबर आवळायच्या कॉर्सेटच्या नाड्या ओढल्या, मग गुडघा टेकून आणखी ओढल्या.

"अहो, श्वास घेता येत नाही," नुई पडद्याआडून म्हणाली.

"थोडा थोडा घे," शिनगो बाहेरून म्हणाला. "सगळ्या तसाच घेतात."

नाचघरात दिव्यांचा लखलखाट होता. एका दाढीवाल्या परदेशी कप्तानाने वाकून नाचासाठी तिच्यापुढे हात केला. पहिला नाच पार पडला. दुसऱ्यात ओटीपोटात कळ आली. नुईने भिंतीकडे पाहिलं. शिनगो मंत्र्यांच्या शेजारी उभा होता आणि मंत्री तिच्याकडे बोट करून काहीतरी चांगलं बोलत होते. नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने कधी पाहिला नव्हता. हा नाच संपला की बसू, असं तिने ठरवलं. तो संपला आणि लगेच दुसऱ्या कुणीतरी हात पुढे केला.

माणसाने ओढायच्या रिक्षातून घरी येईतो झगा रक्ताने भिजला होता. मुलगा होता. रिसेबाईंनी त्याला देवळातल्या पट्ट्यात गुंडाळलं. गुंडाळताना पट्ट्याच्या घड्या नीट एकसारख्या केल्या. ते बघून नुईला जास्त भीती वाटली.

"डॉक्टर म्हणाले, कपड्यांमुळे असं होत नाही," दुसऱ्या दिवशी शिनगो म्हणाला.

"डॉक्टर कुठे शिकले?" रिसेबाईंनी विचारलं.

"बर्लिनला."

"मग बरोबर असेल," रिसेबाई म्हणाल्या. त्यानंतर शिनगोशी त्या बोलल्या नाहीत.

बर्फ पडायच्या आत रिसेबाईंनी गावी जायचं ठरवलं. नुईने त्यांची बाही धरली.

"मला न्या तुमच्याबरोबर. विहिरीवरून पाणी आणीन, रेशमाचे किडे सांभाळीन."

"नवऱ्याने टाकलेली म्हणतील गं तुला."

"म्हणू देत."

"आणि मला विचारतील, नातू कुठाय." रिसेबाईंनी एकेक बोट सोडवून बाही मोकळी केली. "त्या संध्याकाळी तुला अडवायला मी दारात आडवं पडायला हवं होतं. नाही पडले. आता तुझं तोंड बघवत नाही मला, पोरी."

त्या गेल्या. वसंतात शिनगोला बढती मिळाली. मागच्या खोलीतल्या चटया काढून त्याने तिथे फळ्या ठोकल्या आणि लांब जेवणाचं टेबल आणलं. चांगल्या मनाने आणलं. आता तुला पाहुण्यांपासून लपून बसायला नको, असं तो म्हणालाही.

सुतार गेल्यावर नुई रडायला म्हणून मागच्या खोलीत आली. खुर्चीवर बसली. पाय लोंबकळत होते, कुठे टेकावं, कुठे वाकावं कळेना. थोडा वेळ ती ताठ बसून राहिली आणि मग न रडताच उठली.

पुढे मूल झालं नाही. निमंत्रणं येत गेली. नुई जात गेली. परदेशी वकिलातींत तिच्या पायांची तारीफ होई, ताल कधी चुकत नाही म्हणून. शिनगो ते घरी येऊन सांगे आणि ती पाहुण्यांसमोर हसावं तसं हसून म्हणे, "हो का? बरं झालं."