ग्दान्स्कला जाऊन आलेली व्हीलचेअर

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. तुम्ही मला रस्त्यात पाहता तेव्हा माझ्यात बसलेल्या माणसाकडे बघता आणि लगेच नजर वळवता. माझ्याकडे तर कुणी बघतच नाही. म्हणून आज मीच बोलते.

माझा जन्म नेदरलँड्समधल्या एका कारखान्यात झाला. हलक्या नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर निळं जाड कापड ताणून बसवलं, दोन मोठी आणि दोन लहान चाकं लावली. एका कामगाराने मोठं चाक गरकन फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. तेवढंच माझं बारसं.

इथे नगरपालिकेला खेमेन्ते म्हणतात. ज्यांना चालता येत नाही त्यांना खेमेन्ते अशा खुर्च्या वापरायला देते. तशी मी आइंडहोवनला नीरजाच्या घरी आले. नीरजा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारी इंजिनिअर. चाळिशीच्या आतच तिला मज्जातंतूंचा आजार झाला आणि पाय हळूहळू तिचं ऐकेनासे झाले. सुरुवातीला तिने मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्यावर धुतलेले कपडे वाळत घातले. मला राग आला नाही. कुणालाच मी हवी म्हणून येत नाही.

तिचा नवरा प्रणव स्वभावाने भला, पण भित्रा. औषधं, व्यायाम, डॉक्टरांच्या वेळा, सगळं तो डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा. तिला उचलून गाडीत बसवायचा आणि उचलूनच घरात आणायचा. मला मात्र त्याने कधी रस्त्यावर ढकललं नाही. "बाहेर वारा आहे," म्हणायचा. गणपतीला मराठी मंडळात जाणंही त्याने बंद केलं. लोक चौकशी करतात, ते त्याला सोसायचं नाही.

मला बाहेरचं जग दाखवलं ते सुरुचीने. ती प्रणवची धाकटी बहीण, म्हणजे नीरजाची नणंद. ब्रेडा शहरात नोकरी करायची आणि शनिवारी ट्रेनने यायची. बोलायला फटकळ, हात मात्र मजबूत.

मित्रांनो, आता सांगते ती मोठ्यांची हौस आहे. नीरजाला निरनिराळ्या चवीच्या बिअर चाखायला आवडायचं. कुणी चहाची पारख करतं, कुणी आंब्याची, तशी ती छोट्या भट्ट्यांमध्ये हाताने बनवलेल्या बिअरची पारख करायची. कामावरच्या एका पोलिश मैत्रिणीने तिला पोलंडमधल्या ग्दान्स्क नावाच्या समुद्रकाठच्या शहराचं फार कौतुक सांगितलं होतं. एका शनिवारी ती सहज म्हणाली, "राहूनच गेलं बघ ते."

"राहिलं कशाने? वहिनी, मी नेते तुला," सुरुची म्हणाली.

प्रणव नको नको म्हणत राहिला, पण एकोणीस सालच्या सप्टेंबरात त्या दोघी निघाल्याच. विमानाच्या पोटात मला सामानाबरोबर टाकलं. उतरले तेव्हा समुद्राचा वास आला.

ग्दान्स्क सुंदर आहे, पण माझ्यासाठी बांधलेलं नाही. उंच, अरुंद, रंगीत घरं, प्रत्येकापुढे दगडी ओटा, आणि ओट्याला पायऱ्या. रस्ते दगडगोट्यांचे. माझा एकेक नट खिळखिळा झाला.

"सुरुची, मला फिरवतेस की नांगर चालवतेस?" नीरजा ओरडायची.

"गप्प बस आणि डावीकडे बघ. कारंजं आलं."

नदीकाठी एक जुनी, काळी, लाकडी क्रेन होती. पूर्वी तिच्या आत माणसं मोठ्या चाकात चालायची आणि जहाजांवरचा माल वर चढायचा, असं फलकावर लिहिलेलं नीरजाने वाचलं. मग ती बराच वेळ त्या चाकांकडे बघत राहिली.

संध्याकाळी त्या एका बिअर बारपाशी थांबल्या. बार तळघरात, पायऱ्या खाली जाणाऱ्या. सुरुची म्हणाली, "दुसरीकडे जाऊ." तोवर आतला दाढीवाला बारमन वर आला. त्याने पायऱ्या बघितल्या, मला बघितलं आणि दोन गिऱ्हाइकांना हाक मारली.

"उचलू दे त्यांना," नीरजा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज ठाम होता. तिघांनी मला तिच्यासकट उचललं. माझ्या चाकाची कड दगडाला घासली. बारमनने माझ्या हातावर थोपटलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. कौतुकच असावं. माझं कौतुक तेवढं एकदाच झालं, म्हणून लक्षात आहे.

त्याने लाकडी फळीवर छोटे ग्लास मांडून आणले. नीरजाचा हात थरथरताना दिसला तसे त्याने ते परत नेले आणि काही न विचारता कान असलेल्या मगमध्ये ओतून आणले. एक बिअर धुरावर सुकवलेल्या गव्हाची होती. एक घोट घेऊन नीरजा हसली. "अगं, ही तर चुलीवरच्या भाकरीसारखी लागते!"

"काहीतरीच! जळकट आहे," सुरुची म्हणाली आणि उरलेली स्वतःच संपवली.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या सोपोत गावी गेल्या. तिथे समुद्रात लांबवर गेलेला लाकडी धक्का आहे. फळ्या सपाट, वारा भणाणता. नीरजा म्हणाली, "सोड. मी माझी जाते." तिने माझ्या चाकांच्या कड्या धरल्या. थांबत, दम खात ती टोकापर्यंत गेली. सुरुची मागून चालत होती. मदत होऊ नये म्हणून तिने हात खिशात घातले होते.

टोकाला असताना प्रणवचा फोन आला. "गोळ्या घेतल्यास ना? वारा फार आहे का?"

"खूप आहे," नीरजा म्हणाली. "मस्त आहे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस इथेच संपले.

पुढच्या मार्चमध्ये करोना आला. नीरजाच्या औषधांमुळे तिची आजारांशी लढायची ताकद आधीच कमी, म्हणून प्रणवने घराचं दार बंद केलं. सुरुचीलासुद्धा आत घेईना. ती बागेत, काचेबाहेर उभी राहून बोलायची. प्रणव मला रोज जंतुनाशकाने पुसायचा. माझं निळं कापड पांढुरकं पडलं. हॉल ते स्वयंपाकघर, एवढाच माझा प्रवास.

जुलैत निर्बंध सैल झाले. सुरुची खिडकीशी आली. "दादा, विमानं सुरू झालीत. वहिनीला पुन्हा ग्दान्स्कला नेऊ?"

"वेड लागलंय का तुला? तिला काही झालं तर?"

"आणि असंच बसून बसून काही झालं तर?"

प्रणवने खिडकी लावली. नीरजाने माझा ब्रेक घट्ट धरला होता. नंतर ती हळूच म्हणाली, "प्रणव, पोलंड राहू दे. कालव्यापर्यंत तरी ने."

"लस आली की जाऊ. अगदी नक्की."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्या दिवसापासून सुरुची यायची बंद झाली. ती फोन करायची, पण फक्त वहिनीला.

डिसेंबरच्या शेवटी, इतके महिने घरूनच काम करणाऱ्या प्रणवला कारखान्यात जावं लागलं. मग त्याला खोकला झाला, आणि पाठोपाठ नीरजाला ताप. रुग्णवाहिका आली. त्यांनी तिला त्यांच्या स्ट्रेचरवर घेतलं. मी तयार होते, पण मला कुणी विचारलं नाही. दार लागलं. प्रणव खोकत पायरीवर बसला होता. त्याला स्वतःला करोना झालेला, त्यामुळे इस्पितळात जाता येईना. जायची परवानगी मिळाली सुरुचीला.

नीरजा जानेवारीच्या सुरुवातीलाच गेली.

मग मला सायकलींच्या शेडमध्ये ठेवलं. माझ्यावर रंगाचे डबे आले, कोळ्याने माझ्या आऱ्यांत जाळं विणलं, टायर बसले. भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते.

उन्हाळ्यात खेमेन्तेने फोन करून खुर्ची परत मागितली. प्रणवने मला बाहेर काढलं, पण त्याला माझी घडी उघडता येईना. त्याने ओढून पाहिलं, झटका देऊन पाहिला. शेवटी अंगणात उभं राहून त्याने सुरुचीला फोन केला. "ही उघडते कशी?"

ती दुपारच्या ट्रेनने आली. दोन्ही तळहातांनी माझी बैठक खाली दाबली आणि मी उघडले. "एवढं पण माहीत नाही तुला, दादा," ती म्हणाली. तिला टोचायचं होतं, पण बोलता बोलता तिनेच तोंड फिरवलं.

प्रणव चाकात हवा भरू लागला. मान वर न करता त्याने विचारलं, "शेवटी ती काही बोलली?"

सुरुची माझ्यावरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "बोलली. मी तुला मुद्दाम सांगितलं नाही. म्हणाली, त्याच्यावर रागावू नकोस, तो फार घाबरतो."

प्रणवने पंप खाली ठेवला. "बरोबर ओळखलं होतं तिने," तो म्हणाला. दोघंही अंगणातल्या फरशीवर बसून राहिले. त्यांनी एकमेकांना धीर दिला नाही. पण मला न्यायला खेमेन्तेची व्हॅन येईपर्यंत सुरुची उठून गेली नाही, आणि नंतर प्रणवने चहा टाकला असावा, कारण मला गाडीत चढवताना स्वयंपाकघरात भांडी वाजली.

आता मी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुरीनाम देशातून आलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांकडे आहे. त्यांची मुलगी कामावर असते. ते खिडकीतून मेट्रो बघत बसतात.

मित्रांनो, माझे टायर तपासा, आऱ्या पुसा, हे मी सांगायला हवंच. पण त्याआधी, तुमच्या घरात कुणी खिडकीशी बसलेलं असेल, तर जवळ जाऊन विचारा, "कुठे जावंसं वाटतंय?" लांबचं नाव घेतलं तर निदान कोपऱ्यापर्यंत न्या. काळजी करणारी माणसं वाईट नसतात, पण त्यांच्या काळजीत दिवस निघून जातात. आजोबांनी काल दोनदा दाराकडे बोट दाखवलं. माझ्यापाशी नुसती चाकं आहेत. ढकलायला मागे कुणीतरी माणूस लागतं.